रोषाची खतावणी : एका संगणकीय खेळाचे परीक्षण

मराठीत ‘अंगावर घेणे’ हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. कोणी काम अंगावर घेतो, कोणी भांडण. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या संगणकीय खेळात हे एका खेळाडूचे नेमून दिलेले कामच असते. पाच जणांची टोळी एखाद्या गुहेत शिरते, तेव्हा त्यांतला एक जण चिलखत चढवून पुढे होतो आणि समोरच्या सगळ्या राक्षसांचा मार स्वतःवर ओढवून घेतो. त्याला ‘टँक’ म्हणतात. दुसरा एक जण त्याच्या जखमा भरून काढतो. त्याला आपण वैद्य म्हणू. उरलेले तिघे राक्षसांना मारतात, ते हल्लेखोर. टँकने मार अंगावर घेतला नाही तर वैद्य मरतो, वैद्य मेला की टँक मरतो, आणि मग हल्लेखोरांना पळायलाही वाट उरत नाही.

शिक्षकांच्या मासिकात या खेळाचे परीक्षण कशाला, असे कोणी विचारील. प्रशिक्षणवर्गांतून एक वाक्य हल्ली वारंवार कानावर पडते : मुले खेळातून आपोआप शिकतात. त्यातल्या ‘आपोआप’ या शब्दाबद्दल मला शंका होती. अकरावीतला भाचा दिवाळीच्या सुट्टीत हा खेळ घेऊन आला, तेव्हा ती तपासून पाहण्याची संधी मिळाली. “मावशी, तू टँकच हो, म्हणजे तुला खेळ कळेल,” असे तो म्हणाला. ब्लिझार्ड या अमेरिकन कंपनीने हा खेळ नोव्हेंबर २००४मध्ये बाजारात आणला. मूळचे नियम जपणारी त्याची ‘क्लासिक’ आवृत्ती २०१९मध्ये सुरू झाली. आम्ही खेळलो ती हीच.

आधी नियम समजून घेऊ, कारण खेळातली खरी गंमत तिथे आहे. राक्षस कोणाला मारणार हे कसे ठरते? प्रत्येक राक्षसाजवळ एक अदृश्य खतावणी असते. तीत प्रत्येक खेळाडूच्या नावे एक आकडा मांडलेला असतो. त्याला इंग्रजीत ‘थ्रेट’ म्हणतात, आपण ‘रोष’ म्हणू. राक्षसाला १०० अंकांची इजा केली की त्याच्या खतावणीत तुमच्या नावे १०० रोष जमा होतो. टँक बचावाच्या पवित्र्यात उभा असेल तर त्याच इजेचा रोष १३० धरला जातो. शिवाय त्याला काही खास चाली असतात, ज्यांनी इजा थोडी पण रोष पुष्कळ होतो. वैद्यही सुटत नाही. त्याने भरून काढलेल्या प्रत्येक २ अंकांमागे १ अंक रोष होतो, आणि तो लढाईतल्या सर्व राक्षसांत सारखा वाटला जातो.

या शेवटच्या कलमातून काय निष्पन्न होते ते पाहा. समजा, तीन राक्षस आले आणि टँक त्यांतल्या एकालाच बडवीत बसला. वैद्याने त्याच्या ६०० अंकांच्या जखमा भरल्या. म्हणजे ३०० रोष, प्रत्येक राक्षसाच्या वहीत १००. ज्या दोघांना टँकने हातही लावला नाही, त्यांच्या वहीत वैद्याचे १०० आणि टँकचे जवळजवळ शून्य. ते दोघे वळतात आणि थेट वैद्यावर जातात. माझ्या पहिल्या चार लढाया अशाच संपल्या. मी समोरच्या एकाला मन लावून मारत होते आणि पाठीमागे वैद्य मरत होता. चूक माझीच होती. पण चूक नेमकी कोणती, हे मला पडद्यावर कुठेच दिसत नव्हते.

आता दुसरे कलम. टँकचा रोष १००० असेल तर हल्लेखोराचा १००१ झाला की राक्षस त्याच्याकडे वळेल, असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. हल्लेखोर राक्षसाच्या जवळ उभा असेल तर त्याला टँकच्या ११० टक्क्यांच्या पुढे जावे लागते, म्हणजे ११०० ओलांडावे लागतात. दूर उभा असेल तर १३० टक्क्यांच्या, म्हणजे १३००च्या पुढे. हे असे का? गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतला आपोआप चालणारा पंप आठवा. पाणी ज्या पातळीला आले की पंप सुरू होतो, त्याच पातळीला तो बंदही होत असता, तर पाणी जरासे हलले तरी मोटार चालू-बंद होत राहिली असती आणि लवकरच जळाली असती. म्हणून सुरू होण्याची पातळी वेगळी आणि बंद होण्याची वेगळी ठेवतात. राक्षसाचेही तेच. उंबरठा एकच असता तर बरोबरीत आलेल्या दोघांमध्ये तो लंबकासारखा हेलकावे खात राहिला असता. बदल लगेच न स्वीकारण्याच्या या गुणाला हिस्टेरेसिस म्हणतात. चुंबकत्व शिकवताना तो आपल्याला भेटतो, तेव्हा मुलांना आलेखाचे वेटोळे तेवढे लक्षात राहते. इथे तो अनुभवता येतो.

नियम इतका सुबक, पण २००४मध्ये कंपनीने हा रोषाचा आकडा खेळाडूला कुठेच दाखवला नव्हता. राक्षस या क्षणी कोणावर चालून जातो आहे, एवढेच दिसे. म्हणजे दूध उतू गेल्यावर कळावे, तसा प्रकार. टँकचे सगळे काम ज्या एका राशीभोवती फिरते, तीच झाकलेली. तरी लोक टँक व्हायला शिकलेच ना, असे यावर कोणी म्हणेल. शिकले, पण कसे, ते ऐकण्यासारखे आहे.

खेळाडूंनी प्रयोग केले. पद्धत साधारण अशी : एकाने राक्षसाला मोजून ठरावीक इजा करायची आणि थांबायचे. दुसऱ्याने मुद्दाम हलके शस्त्र घेऊन लहान लहान घाव घालत जायचे आणि प्रत्येक घावाचा आकडा टिपायचा. राक्षस वळला त्या क्षणी बेरीज करायची. हलके शस्त्र का? कारण घाव जितका लहान, तितका उंबरठा अचूक सापडतो. मोजपट्टीवरच्या खुणा जितक्या जवळ जवळ, तितके मापन सूक्ष्म, हे आपण सहावी-सातवीत सांगतोच. मग पवित्रा बदलून तेच, अंतर बदलून तेच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ११० आणि १३० टक्क्यांचे उंबरठे असे बाहेरून चाचपून सापडले. सबंध खेळात मला सर्वांत शैक्षणिक वाटलेली घटना हीच, आणि ती खेळाच्या रचनेत कोठेही लिहिलेली नव्हती.

या आकड्यांवरून पुढे खेळाडूंनी मोजमापाची साधने तयार केली. पडद्यावर आपल्या सोयीच्या गोष्टी मांडता याव्यात म्हणून खेळात छोट्या आज्ञावल्या जोडण्याची मुभा पहिल्यापासून आहे. त्यांना ‘अ‍ॅडऑन’ म्हणतात. त्या ‘लुआ’ या संगणकभाषेत लिहितात. ही भाषा १९९३मध्ये ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरोच्या एका विद्यापीठात जन्मली, आणि पोर्तुगीजमध्ये तिच्या नावाचा अर्थ चंद्र असा आहे. रोष मोजणाऱ्या आरंभीच्या अ‍ॅडऑनला खतावणी उघडता येत नव्हती. प्रत्येकाच्या संगणकावरची प्रत आपल्या मालकाच्या घावांवरून त्याच्या रोषाचा अंदाज करी आणि तो इतरांना कळवी. मोठ्या मोहिमांमध्ये ४० जण असत. त्यांतल्या एकानेही अ‍ॅडऑन बसवला नसेल, तर त्याच्यापुरती वही कोरी. अखेर २००८मध्ये कंपनीने खरा आकडा अ‍ॅडऑनसाठी खुला केला.

आता पडद्याच्या मांडणीकडे वळू. त्याआधी एक छोटा प्रयोग करा. हात पुरता लांब करून अंगठा उभा धरा. अंगठ्याची रुंदी डोळ्याशी सुमारे २ अंशांचा कोन करते. डोळ्यातल्या पीतबिंदूच्या मध्याशी असलेला, अगदी स्पष्ट पाहणारा भाग एवढ्याच क्षेत्रापुरता असतो. वर्तमानपत्रातल्या एका शब्दावर नजर खिळवा आणि नजर न हलवता चार शब्दांपलीकडचा शब्द वाचून पाहा. जमत नाही. आपल्याला सगळे दृश्य स्पष्ट दिसल्यासारखे वाटते, कारण नजर सारखी फिरत असते.

याचा हिशेब खेळाच्या पडद्याला लावू. पडदा ५२ सेंटिमीटर रुंद, २९ सेंटिमीटर उंच आणि डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर आहे असे धरा. स्पष्ट दिसणारा ठिपका पडद्यावर जेमतेम २ सेंटिमीटरचा होतो. खेळाडूचे पात्र पडद्याच्या मध्यभागी उभे असते. त्याच्या जीवशक्तीची पट्टी मात्र मूळ मांडणीत वर डाव्या कोपऱ्याशी, म्हणजे मध्यापासून २५ अंशांच्या आसपास. चालींच्या कळा खाली तळाशी, नकाशा वर उजवीकडे. नजर उचलून दुसरीकडे न्यायची हे ठरायलाच सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो. तिथे जाणे, पट्टी वाचणे, परत येणे, यांत पाऊण-एक सेकंद सहज जातो. आणि एका चालीनंतर दुसरी चाल करण्यासाठी खेळ साधारण दीड सेकंदाचा अवधी देतो. निम्मा वेळ येरझाऱ्यांत गेला तर नवशिका टँक भांबावतो यात नवल नाही. त्याला आपण मंद म्हणतो; मंद त्याचा पडदा असतो.

(हल्लेखोराला हा त्रास कमी होतो. तो एकाच राक्षसाकडे बघतो. टँकला तर राक्षस मोठा असला की त्याच्या पायाच्या नख्याच तेवढ्या दिसतात.)

भाच्याने मला मांडणी बदलायला शिकवले. जीवशक्तीच्या पट्ट्या पात्राच्या खाली, जवळ आणल्या. टोळीतल्या चौघांच्या पट्ट्या त्यांच्याच डावीकडे. रोषाच्या यादीतले पाच आकडे काढून टाकले आणि एकच ठेवला : माझ्या खालोखाल कोण आहे आणि तो माझ्या किती टक्क्यांवर आला आहे. बाकीच्यांचे आकडे कळून मी काही करणार नव्हते. गप्पांची चौकट लढाईत झाकली. प्रत्येक राक्षसाच्या डोक्यावरच्या पट्टीला असा रंग दिला, की जो माझ्यावर नाही त्याची पट्टी वेगळी दिसावी. इथे एक धडा मिळाला. नजरेच्या कडेला रंग नीट ओळखू येत नाही, हालचाल मात्र चटकन जाणवते. म्हणून कडेच्या राक्षसाची पट्टी नुसती लाल करून भागेना; ती किंचित मोठी होऊन हलली तेव्हा मला दिसू लागली. मग हौसेने मी आणखी सहा गोष्टी हलत्या-चमकत्या केल्या, आणि पुन्हा काहीच दिसेनासे झाले.

‘फायनल फँटसी १४’ या जपानी खेळाने इथे अधिक शहाणपण दाखवले आहे. २०१३मध्ये तो नव्याने आला, तेव्हापासून शत्रूंच्या यादीत प्रत्येक नावापुढे रोषाची खूण असते, आणि ती खूण रंगाबरोबर आकारानेही बदलते. लाल-हिरव्यातला फरक न कळणारी मुले प्रत्येक शाळेत असतात. फळ्यावर महत्त्वाचे तेवढे लाल खडूने लिहिण्याची सवय असलेल्या आपणा सर्वांना ही साधी गोष्ट सुचायला हवी होती. वॉरक्राफ्टमध्ये पडद्याची एकूण मांडणी अ‍ॅडऑनशिवाय, खेळाच्या आतूनच बदलण्याची सोय २०२२मध्ये आली. १८ वर्षे हे काम खेळाडूंच्या पदरमोडीवर चालले.

अ‍ॅडऑनांचे मी इतके कौतुक केले, तरी त्यांच्यात दोन जाती आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. काही साधने दाखवतात : तुझ्यामागचा हल्लेखोर ९५ टक्क्यांवर आहे. काही साधने सांगतात : आता ही कळ दाब. पहिल्या जातीचे साधन तापमापकासारखे आहे. ताप १०२ दिसला तर काय करायचे हे तुम्हालाच ठरवावे लागते. दुसऱ्या जातीच्या साधनापुढे तुम्ही केवळ कळ दाबणारे बोट उरता. खेळाच्या पहिल्या दोन वर्षांत एक प्रसिद्ध अ‍ॅडऑन असा होता, की एकच कळ दाबत राहिले तरी टोळीतल्या कोणावरचा विषप्रयोग वा शाप आधी उतरवायचा हे तोच ठरवी आणि उतरवून टाकी. २००६च्या अखेरीस कंपनीने लढाईत असे निर्णय घेऊन चाली करण्याची वाट अ‍ॅडऑनसाठी बंद केली. ते योग्यच झाले.

पण बंदी चुकवून सांगणारी साधने वाढतच गेली. ती स्वतः चाल करीत नाहीत. ‘डावीकडे सरक’, ‘ढाल उचल’ असे मोठ्याने ओरडतात. माझ्याकडे असे एक होते. त्याच्या जोरावर मी एक अवघड गुहा पार केली, आणि दुसऱ्या दिवशी ते बिघडल्यावर त्याच गुहेत पहिल्याच राक्षसापुढे आम्ही गारद झालो. मी गुहा शिकले नव्हते, आवाज ऐकायला शिकले होते. गाइडमधली उत्तरे पाठ करून आलेल्या मुलासमोर प्रश्नाचा क्रम बदलून ठेवला की त्याचे जे होते, तेच माझे झाले.

२०२५मध्ये कंपनीने एक मोठा बदल जाहीर केला. ‘मिडनाइट’ या विस्तारापासून लढाईतले बरेच आकडे अ‍ॅडऑनच्या दृष्टीने गुप्त राहतील : अ‍ॅडऑन ते पडद्यावर मांडू शकेल, पण त्यांची बेरीज-वजाबाकी वा तुलना करून निष्कर्ष काढू शकणार नाही. दाखवण्याला मुभा, सांगण्याला बंदी. ही रेषा मला फार नेमकी वाटते. मात्र त्याच वर्षी त्याच कंपनीने खेळात एक नवी सोय दिली, जी हल्ल्याची पुढची कळ कोणती ते स्वतःच उजळून दाखवते. हवे तर एकच कळ दाबत राहा, चालींमधला अवधी जरासा वाढेल एवढेच. बोटांना वा दृष्टीला अडचण असलेल्या खेळाडूंना ही सोय उपयोगी आहे, हे मान्य. पण नवशिक्याच्या हाती ती पहिल्या दिवशी पडली तर तो कशाला खतावणी वाचायला शिकेल? दुसऱ्याच्या हातातली काठी काढून घ्यायची आणि आपल्या दुकानातली पुढे करायची, असा हा प्रकार दिसतो.

रोषाच्याच बाबतीत कंपनीने २०११मध्ये असे केले होते. पवित्र्यातल्या टँकच्या इजेचा रोष ३ पटींवरून ५ पटींवर नेला. हल्लेखोरांना टँकसाठी थांबून राहावे लागे, ते थांबले. पण आकडा इतका वाढल्यावर तो वाचण्याची गरजच बरीचशी संपली. प्रश्न अवघड जातो म्हणून तो अभ्यासक्रमातूनच वगळावा, तसे. पुढे टँकचे कौशल्य स्वतःची ढाल नेमकी कधी उचलायची याकडे वळले. तेही कौशल्यच आहे. मला स्वतःला जुने अधिक आवडते.

आणखी एक गोष्ट, जी मला खेळाच्या बाहेरही छळते. टोळीत टँक एकच असतो. तीन हल्लेखोरांपैकी एक चुकला तर उरलेल्या दोघांच्या गर्दीत ते खपून जाते. टँक चुकला की चौघांना त्याच क्षणी कळते. शिवाय वाट त्यालाच ठाऊक असावी, वेग त्यानेच ठरवावा, अशी अपेक्षा. २००९च्या डिसेंबरपासून खेळ अनोळखी लोकांच्या टोळ्या आपोआप जुळवू लागला, आणि चुकणाऱ्याला शिव्या घालून निघून जाणे सोपे झाले. टँक व्हायला माणसे मिळेनात. यावर २०११मध्ये कंपनीने काय उपाय काढला? ज्या भूमिकेची टंचाई असेल ती घेणाऱ्याला बक्षिसाची जादा थैली. फळ्याकडे यायला घाबरणाऱ्या मुलाला आपण चॉकलेट दाखवतो, तेच. भीती चुकण्याची नसते, चारचौघांत चुकण्याची असते, आणि तिच्यावर उपाय म्हणजे चारचौघे नसलेली जागा. ती मिळायला जानेवारी २०२४ उजाडला. त्या महिन्यापासून नव्या आवृत्तीतल्या काही गुहांमध्ये बाकीच्या चार जागा संगणकाने चालवलेली पात्रे भरू शकतात. ती कंटाळत नाहीत, घाई करीत नाहीत, आणि तुमच्यामुळे मेली तर काही बोलत नाहीत.

आमच्या जुन्या आवृत्तीत ही सोय नाही. तिथे ती जागा भाच्याने भरली. ‘डेडमाइन्स’ नावाची एक पडकी खाण आहे. तिथले दरोडेखोर मरायला टेकले की पळतात आणि पुढच्या वळणावरच्या सोबत्यांना घेऊन येतात. नवे आलेले माझ्या वहीत नसतात, वैद्याच्या असतात. भाचा वैद्य होता. तो अकरा वेळा मेला आणि प्रत्येक वेळी एवढेच विचारी, “मावशी, आता कोणाच्या वहीत काय होते?” बाराव्या वेळी पळणाऱ्याच्या मागे न धावता मी वळणाच्या अलीकडे, भिंतीआड थांबले आणि आलेले तिघे तिथेच अंगावर घेतले.

ओरडणारे साधन भाच्याने स्वतःच्या संगणकावरून काढून टाकले आहे. माझ्याकडचे दुरुस्त झाले आहे आणि अजून चालू आहे; फक्त त्याचा आवाज मी बंद ठेवते.